धरण ‘आपले’, म्हणजे कोणाचे?

गेल्या हिवाळ्यात संगीताच्या परीक्षा घेण्यासाठी मध्य प्रदेशातील बालाघाट येथे जाण्याचा योग आला. वैनगंगेच्या काठी वसलेले हे गाव आपल्या कोल्हापूरकर वाचकांच्या फारसे परिचयाचे नसेल. १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग तोडून इंग्रजांनी हा जिल्हा बनविला. त्यापूर्वी हा सारा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. १९५६ साली नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात आले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. तरी पिढ्यान् पिढ्या तेथे राहिलेली मराठी घराणी अजून घरात मराठी बोलतात, गणपती बसवितात आणि मुलांच्या हाती हौसेने पेटी-तबला देतात.

ज्यांच्या घरी माझा मुक्काम होता ते गृहस्थ ऐंशीच्या घरातले. सारे गाव त्यांना काकाजी म्हणते. एका संध्याकाळी नदीकाठी फिरताना बोलणे पाण्यावर आले. बालाघाटच्या वरच्या अंगाला वैनगंगेवर ढुटीचा जुना बंधारा आहे. इंग्रज सरकारने तो गेल्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत बांधला, आणि त्याच्या कालव्यांवर आजही भाताची शेती होते. ते ऐकून मी स्वाभाविकपणे ‘आमच्या’ राधानगरी धरणाची गोष्ट सांगू लागलो. शाहू महाराजांनी धरण कसे आरंभिले, त्यावर वीज कशी निघू लागली, इत्यादी. काकाजींनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, “मास्तर, तुम्ही मघापासून ‘आमचं धरण, आमचं धरण’ म्हणता. ढुटीला आमच्याकडे कोणी आमचं म्हणत नाही, सरकारचं म्हणतात. मग तुमचं ते तुमचं कसं झालं?”

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नव्हते. परतीच्या प्रवासात त्यावर जे सुचले ते आज वाचकांपुढे ठेवीत आहे, कारण हा प्रश्न खरे तर आपणां सर्वांना विचारलेला आहे.

ढुटी आणि राधानगरी ही एकाच काळाची अपत्ये होत. १८९६–९७ आणि १८९९–१९०० अशा दोन दुष्काळांनी देश होरपळून निघाला, तेव्हा इंग्रज सरकारला पाटबंधाऱ्यांची निकड पटली. १९०१ ते १९०३ या काळात पाटबंधारे आयोग बसला आणि ब्रिटिश मुलखात ठिकठिकाणी बंधाऱ्यांच्या व कालव्यांच्या योजना हाती घेण्यात आल्या. ढुटी ही त्याच धोरणाची देणगी. त्यामागे साम्राज्याची तिजोरी होती आणि इंजिनियरांची फौज होती. संस्थानांना मात्र जे करायचे ते आपल्याच खजिन्यातून करणे भाग होते. त्यांतही करवीरसारख्या मध्यम संस्थानाने मोठ्या धरणाचा विचार मनात आणणे हेच त्या काळी धाडस होते.

ते धाडस शाहू महाराजांनी केले. १८९४ साली त्यांच्या हाती राज्यकारभार आला आणि दोन-तीन वर्षांतच दुष्काळ व पाठोपाठ प्लेग दारात उभे राहिले. धान्याची दुकाने उघडून आणि दुष्काळी कामे काढून त्या वेळी लोकांना जगविले गेले. पण दर वेळी आभाळाकडे पाहत बसणारी शेती हा दुखण्याचा मूळ भाग आहे, हे महाराजांनी पुरते ओळखले. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने ते युरोपला जाऊन आले, आणि त्याच वर्षी संस्थानचे पाटबंधाऱ्यांचे धोरण जाहीर झाले. विहिरी व तलाव यांची पाहणी झाली. पुढे १९०७–०८ च्या सुमारास भोगावती नदीवर, सह्याद्रीच्या ऐन माथ्याजवळ, मोठे दगडी धरण बांधण्याचे ठरून काम हाती घेण्यात आले. जवळ वसविलेल्या गावास राजकन्या राधाबाई यांच्या नावावरून राधानगरी आणि जलाशयास महाराणी लक्ष्मीबाई यांच्या नावावरून लक्ष्मी तलाव अशी नावे मिळाली. पाण्याला घरातील लेकी-सुनांची नावे देण्याची आपल्याकडील रीत येथेही पाळली गेली.

याच दहा-बारा वर्षांत कोल्हापुरात आणखी काय काय होत होते ते पाहण्यासारखे आहे. १९१२ साली खासबाग मैदान तयार झाले. रोममध्ये पाहिलेल्या भव्य प्रेक्षागाराची स्फूर्ती त्यामागे होती असे सांगतात. १९१५ साली त्याच्या शेजारी पॅलेस थिएटर, म्हणजे पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह, उभे राहिले. अल्लादिया खाँसाहेबांसारखा गायक दरबारी होता, आणि त्यांच्या गायकीची जी परंपरा कोल्हापुरात रुजली तिच्यावर देशातील संगीत आजही पोसले जात आहे. माझे आजोबा या दरबारात पखवाज वाजवीत. वडिलांनीही तीच सेवा केली. संस्थान विलीन झाले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. राजवाड्यावरील सणासमारंभांची त्यांची हजेरी मात्र त्यानंतरही, १९७१ साली राजांचे तनखे बंद होईपर्यंत, चालू राहिली. मी त्यांचे उतारवयातील शेंडेफळ, त्यामुळे दरबार मी पाहिला नाही. त्याच्या गोष्टी तेवढ्या ऐकल्या. त्या गोष्टींत आजोबांचे एक बोलणे वारंवार येई. ते म्हणत, “आपला पगार आणि धरणावरच्या पाथरवटाची मजुरी एकाच तिजोरीतून निघते. म्हणून हात पडेल तर तो जपून, स्वच्छ पडला पाहिजे. कुणाच्या तरी जोंधळ्यातला वाटा आहे तो.”

लहानपणी मला हे वाक्य केवळ रियाजाची ताकीद वाटे. आज त्याचा दुसरा अर्थ लागतो. राजाश्रय हा शब्द आपण कलावंतांपुरता वापरतो. पण राजाच्या तिजोरीत येणारा पैसा रयतेचा असतो आणि तो कशावर खर्च व्हावा याचा हिशेब रयतेशी जुळावा लागतो. शाहू महाराजांच्या दरबारात गाणे होते, कुस्ती होती, नाटक होते. त्यांच्याच शेजारी शाळा, वसतिगृहे आणि हे धरणही होते. म्हणून त्या दरबारची सेवा केल्याचे सांगताना आमच्या घराला संकोच वाटत नाही.

परंतु धरणाची गोष्ट सुखाची नाही. पहिले महायुद्ध सुरू झाले, महागाई वाढली, पैशाची ओढ पडू लागली. १९१८ च्या सुमारास भिंत सुमारे ४० फूट उंच झालेली असताना काम थांबले. ६ मे १९२२ रोजी महाराज मुंबईस निवर्तले, तेव्हा त्यांच्या धरणाची भिंत अर्धवटच उभी होती. पुढे सतरा वर्षे ती तशीच राहिली. १९३९ साली राजाराम महाराजांनी काम पुन्हा सुरू करविले, आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९४० मध्ये, तेही गेले. १ मार्च १९४९ रोजी करवीर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. धरण पुरे झाले ते १९५४ साली. ज्याने आरंभ केला तो राजा नव्हता, ज्याने खंडित काम पुन्हा उचलले तो राजा नव्हता, इतकेच काय, ज्या राज्याच्या खजिन्यातून काम सुरू झाले ते राज्यही उरले नव्हते. तरी धरण पुरे झाले आणि त्यात पाणी साठले.

आमच्या धंद्यात विलंबित लयीचे एक कठीण अंग आहे. मात्रा इतक्या लांब असतात की सम कोठे येणार याचा नवख्याला अंदाजच लागत नाही. ठेका धरणाऱ्याने मात्र ती मनात पक्की धरून ठेवावी लागते. राधानगरीचे आवर्तन ४६-४७ वर्षांचे झाले. मधल्या काळात ठेका धरणारे बदलले, पण सम चुकली नाही. या चिकाटीचे श्रेय राजांना आहेच; ज्या अधिकाऱ्यांनी, कारागिरांनी आणि मजुरांनी दोन राजवटींत हे काम केले त्यांनाही आहे. त्यांची नावे कोणाच्या ओठावर नाहीत, एवढाच फरक.

आता विजेविषयी. पाण्यापासून वीज काढण्याचा मान भारतात प्रथम दार्जिलिंगला मिळाला. १८९७ साली तेथील नगरपालिकेने सिद्रापोंग येथे छोटे वीजघर उभारून शहरात दिवे लावले. १९०२ साली म्हैसूर संस्थानाने कावेरीवर शिवसमुद्रम् येथे वीज निर्माण करून ती कोलारच्या सोन्याच्या खाणींस पुरविली. १९१५ पासून टाटांच्या खोपोली वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. अमेरिकेतील सिॲटल शहरानेही गेल्या शतकाच्या आरंभी स्वतःच्या मालकीचे जलविद्युत् केंद्र उभारले आणि तेथे आजही शहरच आपली वीज सांभाळते. या यादीत राधानगरीचा क्रमांक उशिरा लागतो. गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात तेथे प्रत्येकी १,२०० किलोवॅटची चार जनित्रे, म्हणजे एकूण ४,८०० किलोवॅटची शक्ती उभी राहिली. आजच्या मानाने हा आकडा अगदी लहान वाटेल. पण कंदिलाच्या उजेडात वाढलेल्या मुलखाला तो लहान नव्हता.

या विजेचे वैशिष्ट्य असे की तिच्यासाठी काही जाळावे लागत नाही आणि पाणीही खर्ची पडत नाही. उंचावर अडविलेले पाणी बंद नळातून खाली सोडायचे. त्याच्या जोराने चक्र फिरते, चक्राबरोबर जनित्र फिरते, आणि काम झाले की तेच पाणी नदीत जाते. पुढे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी ते जागोजाग अडविले जाते, शेतकरी ते उचलून उसाला देतो, आणि उरलेले पंचगंगेतून नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. एकाच पाण्याने दिवा लागतो आणि तेच पाणी पुढे पीक पिकविते. आपल्या जिल्ह्यातील हिरवेगार उसाचे मळे आणि शाहूपुरीच्या पेठेतील गुळाच्या ढेपा यांच्यामागे या पाण्याचा मोठा हात आहे.

तथापि, एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. माझे आजोळ भोगावतीच्या काठी, धरणाच्या बाजूलाच. शहरात रस्तोरस्ती दिवे झगमगू लागल्यानंतरही कितीतरी वर्षे आजीच्या स्वयंपाकघरात चिमणीच होती. ती गमतीने म्हणे, “आमच्या दारावरनं गेली की वीज तुमच्याकडं. आम्हांस्नी तिचा नुसता आवाज.” तिने हे रागाने म्हटल्याचे मला आठवत नाही. पण ज्यांच्या डोंगरात पाणी साठते, ज्यांची जमीन आणि वस्ती पाण्याखाली जाते, त्यांना त्याचा लाभ सर्वांत शेवटी पोहोचतो, हा धरणांचा जगभरचा अनुभव आहे. ‘आपले धरण’ म्हणताना हा अनुभव आपण विसरता कामा नये. आपण ज्याला आपले म्हणतो त्याची किंमत कित्येकदा दुसऱ्याने मोजलेली असते.

राधानगरीचे खरे आकर्षण म्हणजे तिचे सात स्वयंचलित दरवाजे. धरण सुमारे १४० फूट उंच, भिंतीची लांबी एक किलोमीटरहून अधिक, आणि साठा ८.३६ अब्ज घनफुटांचा. पाणी ३४७.५० फुटांच्या पातळीस पोहोचले की दरवाजे एकामागून एक आपोआप उघडतात, आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. त्यांना माणूस लागत नाही, मोटार लागत नाही. तोलाला लावलेले वजन आणि पाण्याचा दाब यांचा तो हिशेब आहे; दाब वजनाहून जड झाला की दार हलते. एका दरवाजातून सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी बाहेर पडते. स्वयंचलित दरवाजांची ही कल्पना आपल्याकडे मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनी प्रथम पुण्याजवळ खडकवासल्यास प्रत्यक्षात आणली, आणि पुढे ग्वाल्हेर संस्थानातील तिघरा धरणावरही ती वापरली गेली.

जुलै महिना लागला की कोल्हापुरातील घराघरांत विचारपूस सुरू होते, “राधानगरीचे किती दार उघडले?” मुलाच्या परीक्षेचा निकाल विचारावा तसा हा प्रश्न विचारला जातो. पाठोपाठ राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारली जाते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे येथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले. गावेच्या गावे वेढली गेली, हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. माझ्या एका विद्यार्थिनीची पेटी आणि तंबोरा पाण्यात गेला. तंबोरा तिच्या आजीचा होता. तिने नवीन घेतला आहे, पण सूर लावताना अजून ती क्षणभर थांबते.

महापुराचे कारण एकट्या राधानगरीवर टाकणे अन्यायाचे होईल. पंचगंगेला कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी मिळते. ढगफुटीसारखा पाऊस, नदीपात्रातील अडथळे, पूररेषेच्या आत चढलेली घरे अशी अनेक कारणे आहेत. पण एक मात्र खरे, की आपोआप उघडणारे दार खाली शहर झोपले आहे की जागे आहे ते विचारीत नाही. ज्या काळी ते बसविले तेव्हा नदीकाठ मोकळा होता. नदीने आपली वाट बदललेली नाही, आपणच तिच्या वाटेवर जाऊन बसलो. डिसेंबर २०२१ मध्ये दुरुस्तीचे काम चालू असता धरणाचे एक सेवाद्वार उघडेच अडकले आणि ऐन हिवाळ्यात भोगावतीस पूर आल्यासारखे पाणी धावले. शंभर वर्षांच्या जुन्या कामाला नित्य देखभाल लागते, हे त्या दिवशी सर्वांस कळून चुकले.

आता काकाजींचा प्रश्न. कायद्याने पाहिले तर राधानगरी धरण १९४९ पासून सरकारचे आहे, प्रथम मुंबई राज्याचे आणि १९६० पासून महाराष्ट्राचे. त्या अर्थाने ढुटी आणि राधानगरी यांत काहीच फरक नाही. फरक पडतो तो आरंभाच्या हेतूत आणि लोकांच्या स्मरणात. ढुटीचा निर्णय दूरच्या सचिवालयात झाला. राधानगरीचा निर्णय ज्याने केला त्याला लोकांनी गल्लीतून घोड्यावर जाताना पाहिले होते, त्याच्यापुढे गाऱ्हाणी मांडली होती. धरण रखडले तेव्हा ते ‘त्यांचे’ रखडले नाही, ‘आपले’ रखडले. एवढ्यामुळेच आपण त्यास आपले म्हणतो.

परंतु आठवण ही मालकीची अर्धीच बाजू झाली. दुसरी बाजू जबाबदारीची आहे, आणि तेथे आपण उणे पडतो. ८ ऑगस्ट २०२४ रोजी रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले, तेव्हा सारे शहर रस्त्यावर आले. म्हातारे नट रडले. ते योग्यच होते. मात्र त्याच राजाने दिलेल्या पाण्याचे पुढे काय होते? राधानगरीतून निघताना काचेसारखे असणारे पाणी शहर ओलांडून इचलकरंजीच्या दिशेने जाईपर्यंत ओळखू येत नाही. सांडपाणी त्यात मिसळते, उन्हाळ्यात त्यावर जलपर्णीची चादर पसरते. आपल्या शहरास २०२३ च्या दिवाळीपासून काळम्मावाडीचे पाणी थेट नळाने मिळू लागले. त्याचा आनंद आहेच. भीती एवढीच वाटते की घरात दूरचे स्वच्छ पाणी आले म्हणजे दारातल्या नदीकडे पाहण्याची गरज कोणाला उरणार नाही. नाट्यगृह जळाले ते एका रात्रीत. त्यामुळे ते दिसले. नदी वर्षानुवर्षे हळूहळू नासते, त्यामुळे दिसत नाही.

दर वर्षी २६ जूनला शाहू जयंतीस आपण मिरवणुका काढतो, भाषणे ऐकतो. माझी एक साधी सूचना आहे. त्या सुमारास पावसाला सुरुवात झालेली असते आणि लक्ष्मी तलाव भरू लागलेला असतो. प्रत्येक शाळेने वरच्या वर्गातील मुलांना एकदा तरी राधानगरीस न्यावे, तेथील माणसांशी बोलू द्यावे, आणि परतताना पंचगंगेच्या घाटावर थांबून तेच पाणी येथे कसे झाले आहे ते दाखवावे. भाषणाची गरज पडणार नाही. मुले स्वतःच विचारतील. आपल्या जुन्या घराण्यांतून राजर्षींनी दिलेली सनद, एखादे पदक, एखादे छायाचित्र अजून जपून ठेवलेले आहे. त्याच मायेने नदीही जपली, घाटावर निर्माल्य आणि सांडपाणी टाकणाऱ्याचा हात धरला, आणि धरणाच्या दुरुस्तीसाठी व पायथ्याच्या गावांसाठी चार ठिकाणी आवाज उठविला, तर ‘आमचे धरण’ हे शब्द परक्या गावी उच्चारताना आपल्याला बिचकावे लागणार नाही.